फ्लॉरेन्स की व्हेनिस? जळगावच्या एका सराफाचा कौल

जळगावच्या सराफ बाजारात आमच्या घराची तिसरी पिढी काम करते आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये इटलीतील व्हिचेन्झा येथे भरणाऱ्या दागिन्यांच्या प्रदर्शनाला जाण्याचा योग आला आणि पत्नीही सोबत आली. प्रदर्शन आटोपल्यावर हाती सहा रात्री उरत होत्या. त्या फ्लॉरेन्सला द्याव्यात की व्हेनिसला, यावर आमच्या घरी महिनाभर चर्चा झाली. पत्नीचे मत व्हेनिसच्या बाजूने होते, माझे फ्लॉरेन्सच्या. शेवटी चार रात्री फ्लॉरेन्स आणि दोन रात्री व्हेनिस अशी वाटणी झाली. आपल्या भागातून युरोपला जाणारी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात या दोन्ही शहरांना जेमतेम एकेक दिवस मिळतो. म्हणून स्वतःच्या बेताने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मी सोन्याचा माणूस असल्यामुळे माझी नजर सोन्याकडे आधी जाते. या दोन शहरांच्या बाबतीत ती नजर उपयोगी पडली, कारण दोघांचीही कीर्ती एकेकाळी सोन्याच्या नाण्यावर उभी होती. फ्लॉरेन्सने 1252 मध्ये फ्लोरिन पाडला आणि व्हेनिसने 1284 मध्ये डुकाट. दोन्ही नाणी साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि त्या काळी शक्य होते तितक्या चोख सोन्याची होती.

माझा कौल आधीच सांगतो. एकाच शहरात राहणे शक्य असेल, तर फ्लॉरेन्समध्ये राहावे.

याचे पहिले कारण बार्जेल्लो हे संग्रहालय आहे. मध्ययुगीन किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या या इमारतीकडे पुष्कळ प्रवासी फिरकत नाहीत. तिथे वरच्या मजल्यावर काशाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. 1401 मध्ये शहराच्या बाप्तिस्मा मंदिराला नवी दारे करायची ठरली आणि कारागिरांची स्पर्धा लावण्यात आली. अब्राहम आपल्या मुलाचा बळी देण्यास निघाल्याचा प्रसंग सर्वांनी एकाच मापाच्या चौकटीत घडवायचा होता. लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की या दोघांचे नमुने आजही शाबूत आहेत आणि हे दोघेही मुळात सोनारकाम शिकलेले होते. ब्रुनेल्लेस्कीने आकृत्या सुट्या घडवून पाटीवर बसवल्या. गिबेर्तीने जवळजवळ सगळी चौकट एकाच ओतकामात काढली आणि ती मागून पोकळ ठेवली, त्यामुळे तिचे वजन सुमारे सात किलोने कमी भरले. काम गिबेर्तीला मिळाले. कलेचे जाणकार त्याची अनेक कारणे देतील. पण तेवढ्याच घाटात सात किलो धातू वाचवणारा कारागीर कोणत्या पेढीला नको असेल? त्या दोन चौकटींसमोर मी पाऊण तास उभा होतो. ब्रुनेल्लेस्कीच्या चौकटीत देवदूताने अब्राहमचे मनगट घट्ट धरले आहे, सुरी मुलाच्या गळ्याला टेकली आहे आणि बापाचा अंगठा मुलाच्या हनुवटीखाली रुतला आहे. गिबेर्तीच्या चौकटीत देवदूत अजून हवेतच आहे आणि मुलाचे उघडे अंग इतके तुळतुळीत घासले आहे की ओतीव काम आहे यावर विश्वास बसत नाही. हरलेली चौकट मला अधिक भिडली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यानंतर गिबेर्तीचे बहुतेक आयुष्य दारे करण्यातच गेले. त्याची दुसरी जोडी 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षे चालली. 'स्वर्गाची दारे' म्हणून जगभर प्रसिद्ध असलेली ती हीच. रस्त्यावर बाप्तिस्मा मंदिराला लावलेली दारे ही प्रतिकृती आहे आणि बहुतेक लोक तिचेच छायाचित्र काढून पुढे जातात. अस्सल दारे कॅथेड्रलच्या मागील संग्रहालयात काचेआड आहेत. ती पाहण्यासाठी वेगळा वेळ काढाच. सोने आणि पारा यांचा लेप काशावर चढवून, तापवून पारा उडवायचा आणि मग सोने घोटून चकाकी आणायची, अशा मुलाम्याच्या रीतीने ती सोनेरी केलेली आहेत. आमच्या आजोबांच्या काळापर्यंत आपल्याकडेही हेच काम होत असे आणि पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हात थरथरू लागत, हे मी लहानपणापासून ऐकले आहे; त्यामुळे त्या दहा चौकटींची झळाळी पाहताना आनंदाबरोबर त्या अनाम मुलामेवाल्यांची आठवणही झाली. दाराच्या कडेच्या पट्टीत एका गोल खिडकीतून एक टक्कल पडलेले डोके बाहेर डोकावते. भुवया किंचित उंचावलेल्या, ओठांवर समाधान. तो स्वतः गिबेर्ती. आपल्या कामावर ठसा उमटवण्याची ही रीत मला फार आवडली.

स्पर्धा हरलेल्या ब्रुनेल्लेस्कीने पुढे 1420 ते 1436 या काळात कॅथेड्रलचा घुमट उभारला. पंचेचाळीस मीटरच्या आसपास रुंदीची पोकळी, आणि ती भरताना खालून लाकडी आधार दिला नाही. आत एक आणि बाहेर एक असे दोन पापुद्रे उभे करून, विटा तिरक्या रांगांत एकमेकींत अडकवत त्याने तो वर नेला. 463 पायऱ्या चढून जाताना आपण या दोन पापुद्र्यांच्या मधूनच जातो आणि तिरक्या विटांची ती वीण हाताला लागते. वाट अरुंद आहे, उद्वाहन नाही आणि मध्येच परत फिरण्याची सोय नाही. गुडघ्यांचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी हा मोह टाळावा. वेळ ठरवून आधी आरक्षण केले नाही तर प्रवेश मिळणे कठीण असते.

उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही दोन प्रसिद्ध संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे बेत आखतानाच लक्षात घ्यावे. अकादेमियात मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 मध्ये घडवलेला पाच मीटरहून उंच डेव्हिडचा पुतळा आहे. त्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. फक्त त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवरील फुगलेल्या शिरा पाहायला विसरू नका. उफ्फीत्सीत मात्र आम्ही थकलो. एका दिवसात एवढी चित्रे डोळ्यांत मावत नाहीत. बॉटिचेल्लीच्या दालनात पत्नीने बाकावर बसून घेतले आणि तासभर दुसरीकडे जाण्यास नकार दिला, हा मला त्या दिवसाचा सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

सराफ मंडळी विचारतील ते पोन्ते वेक्क्यो या जुन्या पुलाबद्दल. 1333 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेल्यावर 1345 मध्ये हा बांधला गेला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. 1593 मध्ये ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला याने दुर्गंधी देणारे व्यवसाय हलवून तिथे सोनारांना जागा दिली आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंना सोन्याचीच दुकाने आहेत. रात्री जाड लाकडी झडपा लावून, लोखंडी पट्ट्या ठोकून ही दुकाने बंद होतात. ती झडप पाहण्यासाठी संध्याकाळी सातनंतर एक फेरी जरूर मारावी. खरेदीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तिथले सोने बहुतेक अठरा कॅरेटचे असते. भिंगाखाली 750 हा आकडा आणि त्याच्या शेजारी तारा, क्रमांक व प्रांताची अक्षरे असा घडवणाऱ्याचा शिक्का दिसतो. आपल्याकडे भाव आणि घडणावळ वेगवेगळी सांगण्याची पद्धत आहे, तिथे दागिन्याची एकच किंमत सांगतात. वजन विचारले तर काट्यावर ठेवून दाखवतात, पण आपण विचारले तरच. एका दुकानात कर्णफुलांची जोडी वजनाने मोजली, तेव्हा घडणावळ सोन्याच्या किमतीहून अधिक पडत होती. बारीक रेघांनी पृष्ठभाग रेशमासारखा करण्याची फ्लॉरेन्सची जी खोदकामाची शैली आहे, तिच्यासाठी ही मजुरी देणे मला अन्यायाचे वाटत नाही. परंतु पुढे मोडून पैसे करण्यासाठी सोने घेणाऱ्याने तिथे एक ग्रॅमही घेऊ नये. शिवाय परत येताना सीमाशुल्काचा प्रश्न आहे. दागिन्यांवरची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी असते, आठ-दहा दिवसांच्या प्रवाशाला ती लागू होत नाही. घरचे मोठे दागिने अंगावर घालून जाणार असाल, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कार्यालयातून त्यांचा दाखला घ्यावा.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी माणसाला फ्लॉरेन्स सोपे गेले. रिबोल्लिता नावाचे शिळा पाव, पालेभाजी आणि घेवड्याचे दाणे शिजवून केलेले दाट कालवण मिळते. ते खाताना घरच्या शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याची आठवण येते. मांसाचे पाणी घातले आहे का, हे आवर्जून विचारावे लागते. तिकडचा पाव अळणी असतो. आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीने तो गोड लागला. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनवतात आणि ते न सांगता पास्त्यावर किसून घालतात.

पाचव्या दिवशी सकाळी आगगाडीने निघून सव्वादोन तासांच्या आसपास आम्ही व्हेनिसला पोहोचलो. स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर रस्ता नसून पाणी आहे, हे माहीत असूनही दोघेही जागच्या जागी थांबलो. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही चार रात्री तिकडे दिल्या, आता हे दोन दिवस मला मध्ये बोलू नका." मी तो शब्द पाळला.

तरीही तक्रार नोंदवणे भाग आहे. ज्या हॉटेलात आम्ही खोली घेतली होती, त्यांनी 'स्थानकापासून पाच मिनिटे' असे कळवले होते. ते अंतर खरे होते. मधल्या तीन पुलांचा उल्लेख मात्र नव्हता. व्हेनिस शंभराहून अधिक बेटांवर वसलेले आहे, पूल चारशेहून जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला दोन्हीकडून पायऱ्या आहेत. प्रदर्शनातील माहितीपत्रकांनी जड झालेल्या दोन बॅगा मी उचलून नेल्या आणि पुढचे दोन दिवस कंबर धरून होतो. सत्तरीच्या आई-वडिलांना नेणाऱ्यांनी खोली निवडताना किती मिनिटे हे न विचारता, किती पूल हे विचारावे, आणि शक्यतो जलबसच्या थांब्याला लागून असलेली जागा घ्यावी. जलबसचे एका फेरीचे तिकीट 9.50 युरो आहे आणि ते 75 मिनिटे चालते; एक क्रमांकाच्या बसने स्थानकापासून संत मार्कच्या चौकापर्यंत संपूर्ण मोठा कालवा बसल्या जागी पाहून होतो. गोंडोल्याचा दर शहरानेच ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. आम्ही तो घेतला नाही. मोठा कालवा ओलांडण्यासाठी दोन युरोंत चालणारी साधी गोंडोल्याची उतारनाव असते. दोन मिनिटांचा तो प्रवास पत्नीला पुरेसा वाटला. दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून 2024 पासून वसंत-उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतले जाते. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ आहे, आणि मुक्काम करावाच, कारण दुपारची गर्दी ओसरल्यावर हे शहर वेगळेच होते. ऐतिहासिक व्हेनिसमध्ये आता पन्नास हजारांहून कमी माणसे राहतात. रात्री दहा वाजता एखाद्या गल्लीत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

पाण्याचा प्रश्न घेऊनच जगणाऱ्या आपल्या खान्देशातील माणसाने इथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. बहुतेक चौकांत कोरीव दगडी विहिरीचे तोंड आहे. चहूकडे पाणी, पण ते खारे. म्हणून शतकानुशतके हे शहर पावसाच्या पाण्यावर जगले. चौकाखाली चिकणमातीने लिंपलेला खड्डा, त्यात वाळू, आणि मध्ये विटांचा आड. फरसबंदीवरचे पाणी छिद्रांतून आत जाऊन वाळूतून गाळून आडात उतरत असे. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी 1884 मध्ये आले. बुऱ्हाणपूरची कुंडी भंडारा ही जुनी भूमिगत पाणीयोजना पाहिलेल्यांना या युक्तीचे मोल वेगळे सांगायला नको. दोन्ही शहरांवर पाण्याने घावही घातला आहे, आणि तोही एकाच दिवशी: 4 नोव्हेंबर 1966 रोजी व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढले आणि फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या पुराने गिबेर्तीच्या त्याच दारांतील पाच चौकटी उखडल्या. व्हेनिसच्या खाडीच्या मुखाशी आता उचलता येणारे अडसर बसवले असून ऑक्टोबर 2020 मध्ये ते भरतीविरुद्ध प्रथम वापरले गेले. तरीही ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ भरतीचा असतो, म्हणून आपल्या दिवाळीच्या सुटीपेक्षा सप्टेंबर बरा.

मुरानो बेटावर 1291 पासून काचेच्या भट्ट्या आहेत. काम पाहण्यासारखे आहे, मात्र पाहून झाल्यावर दुकानात आग्रह फार होतो.

व्हेनिसचे सोने संत मार्कच्या बॅसिलिकात आहे. छत आणि भिंती मिळून सुमारे आठ हजार चौरस मीटर भाग सोनेरी पार्श्वभूमीच्या कुट्टिमचित्रांनी (मोझेइक) मढलेला आहे. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख धरून त्याचे बारीक तुकडे केलेले, आणि ते मुद्दाम थोडे तिरके बसवलेले, म्हणजे चालताना प्रकाश हलतो. मुख्य वेदीमागे वेगळे तिकीट काढून 'पाला द'ओरो' पाहता येतो. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्याच पातळ पट्ट्या उभ्या करून त्यांत मीना भरलेला, आणि भोवती सुमारे दोन हजार रत्ने व मोती. रत्ने गुळगुळीत घोटलेली आहेत, पैलू पाडलेली नाहीत. आपल्या जुन्या जडावाच्या कामात असत तशी. मीन्यातील एका संताच्या दाढीत मी केसाइतक्या बारीक सोन्याच्या पट्ट्या मोजण्याचा प्रयत्न केला आणि मागच्या माणसाने खाकरून पुढे सरकण्यास सांगेपर्यंत अकरापर्यंत पोहोचलो. फ्लॉरेन्समध्ये कारागिरांची नावे कळतात, त्यांच्यातील स्पर्धा कळते. इथे मीना करणारे बहुतेक बायझंटाईन हात निनावी आहेत आणि काम मात्र कुठेही उणे नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच चौकातील कोर्रेर संग्रहालयात गेलो. डॉजच्या, म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्याच्या तिकिटावरच तिथे प्रवेश मिळतो, तरी राजवाड्यातली गर्दी तिकडे येत नाही. नाण्यांच्या कपाटाशी मी भिंग लावून उभा राहिलो. डुकाटच्या एका बाजूला संत मार्क उभा आहे, त्याच्यासमोर डॉज गुडघे टेकून आहे आणि दोघांच्या मध्ये ध्वजाची उभी काठी. दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांना निमुळत्या लंबगोल चौकटीत ख्रिस्त, भोवती तारका. 1797 मध्ये प्रजासत्ताक संपेपर्यंत, पाचशे वर्षे, या नाण्याचे चित्र जवळजवळ बदलले नाही, आणि कसही नाही. टांकसाळीला तिथे 'झेक्का' म्हणत, त्यावरून पुढे या नाण्याला झेक्किनो नाव पडले. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आलेला आहे, म्हणजे आपल्याच तोंडातला.

ते चित्र मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आईच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेत. व्यापाराच्या वाटेने पश्चिम भारतात आलेल्या या व्हेनेशियन नाण्यालाच मराठीत पुतळी म्हणत. त्यावर दोन बाहुल्या उभ्या दिसतात, म्हणून. पुढे देशी सोनार तसेच ठसे करून पुतळ्या पाडू लागले, आणि आमच्या घरात त्या दोन आकृतींना राम-सीता मानून दसऱ्याला हळदकुंकू लावले जाते. मी पत्नीला हाक मारली. तिने काचेला कपाळ टेकून पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

इतके असूनही माझा कौल फ्लॉरेन्सचाच का, असे कोणी विचारील. व्हेनिसमध्ये आम्ही जे पाहिले ते दोन दिवसांत, एक मुक्काम बॅसिलिकाजवळ ठेवून, समाधानाने पाहून होते, आणि तिसऱ्या दिवशी पुलांच्या पायऱ्या व जेवणाचे दर जड वाटू लागतात. संध्याकाळी कट्ट्यावर उभे राहून खायचे तिथले छोटे पदार्थ बहुतेक माशांचे असतात, हीदेखील शाकाहारी कुटुंबाची अडचण. फ्लॉरेन्समध्ये चार दिवसांनंतरही आमचे निम्मे राहिले. तिथे कडक दगडांची जडावाची कार्यशाळा 1588 पासूनची आहे, तिचे संग्रहालय पाहता आले नाही. तासाभराच्या अंतरावरील अरेझ्झो या सोनारांच्या गावी जायचे राहिले. पत्नीचे मत आजही व्हेनिसच्या बाजूने आहे, आणि नवे लग्न झालेल्या जोडप्याने विचारले तर मी तिच्याकडेच पाठवीन. मुले दहावी-बारावीत असतील, चित्रकला किंवा बांधकामाची आवड असेल, घरात कोणी कारागीर असेल, तर फ्लॉरेन्स. दोन्ही करायचे असेल तर आधी फ्लॉरेन्स, मग व्हेनिस आणि तिथूनच परतीचे विमान, हा क्रम सोयीचा पडतो.

घरी आल्यावर आईला मोबाइलवर डुकाटचे छायाचित्र दाखवले. तिने ते बोटांनी मोठे केले आणि म्हणाली, "हाई ते मनी माळमधली पुतळी शे." मग ती स्वतःच कपाटातून माळ घेऊन आली. दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे भाऊ एकेक पुतळी भिंगाखाली धरून बसलो. बत्तीसपैकी एकोणतीस पुतळ्यांवर काठीशेजारच्या अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत; त्या आपल्याकडच्या सोनारांनी पाडलेल्या. तीन पुतळ्यांवर डॉजच्या पदवीची लॅटिन अक्षरे स्पष्ट वाचता येतात, आणि त्यांतल्या एकीवर, टाका लावताना थोडे वितळलेले, डॉजचे नावही आहे.